दारफळणीनंतरचा शनिवार

कुलाबा जिल्ह्याचा किनारा ज्यांनी पाहिलेला नाही, अशा माझ्या नगरकडील स्नेह्यांसाठी मी हे लिहीत आहे. त्यांनी नकाशा उघडावा, मुंबईवर बोट ठेवावे आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस, अलिबागच्याही खाली आणावे. कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या उत्तरेस रेवदंडा आणि दक्षिणेस कोर्लई अशी दोन गावे समोरासमोर आहेत. १९५९ च्या ऑक्टोबरात मी तेथे एक आठवडा राहिलो. हवा, पाणी, जेवणखाण यांविषयी पुढे लिहीनच. पण प्रवासाचे कारण आधी सांगितले नाही, तर पुढचे नीट समजणार नाही.

तीस वर्षांपूर्वी मी या जिल्ह्यातील एका शाळेत कच्च्या नेमणुकीवर शिक्षक होतो. शेजारच्या वर्गावर हसाजी नवगावकर हे शिक्षक होते. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. या समाजाचा जुना धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून इकडे त्यांना शनवार तेली म्हणत. हसाजी मास्तरांनी घाणा सोडून खडू धरला होता, पण शनिवार सोडला नव्हता. शनिवारी ते शाळेत येत, कविता म्हणवून घेत, तोंडी गणिते घालत. मात्र लिहिणे हेही त्यांच्या शास्त्रात काम, म्हणून एक अक्षर लिहीत नसत. त्यामुळे त्यांच्या वर्गाचा शनिवारचा हजेरीपट मी भरत असे. मोबदल्यात ते माझ्या वर्गासाठी नकाशे काढून देत, कारण माझ्या हातून हिंदुस्थानचा नकाशा नेहमी सुरणाच्या गड्ड्यासारखा उतरे. हजेरीपट एकसारखा दिसावा म्हणून मी त्यांचे तिरपे अक्षर गिरवीत असे, आणि खाली माझे नाव घालीत नसे. दुसऱ्यासाठी लिहिताना ‘हस्ते’ असा शब्द घालून पुढे आपले नाव लिहावे, हा दप्तराचा अगदी पहिला नियम आहे. तो मला ठाऊक होता.

एका शनिवारी तपासनीस आले. त्यांनी हसाजी मास्तरांना दोन ओळी लिहून मागितल्या. मास्तर म्हणाले, आज मी लिहीत नाही. मग आजच्या तारखेखालची ओली शाई कोणाची, असा प्रश्न निघाला. मास्तर म्हणाले, एका सहकाऱ्याची; पण नाव त्यांनी सांगितले नाही. तपासनिसांनी आम्हां सर्वांना एकेक करून बोलाविले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारले, “हे अक्षर तुमचे?”

मी म्हणालो, “नाही.”

माझी नेमणूक कायम झाली. हसाजी मास्तरांची बदली, खोटे बोलल्याचा ठपका ठेवून, घाटाच्या पायथ्याच्या अशा एका गावी झाली, जेथून त्यांचे प्रार्थनामंदिर एका दिवसाच्या चालीत येत नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि ते रेवदंड्यास आपल्या नारळीच्या वाडीत परत गेले. पुढे माझ्या कानावर आले की, त्यांच्याच समाजात वेगळी बोलवा उठली होती: नवगावकराने शनिवारी स्वतःच लिहिले, आणि पकडला गेल्यावर एक सहकारी कल्पून काढला.

मी ख्रिस्ती आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत देवाने आमची ऋणे, म्हणजे पापे, सोडावीत असे आम्ही मागतो, आणि मागताना असेही सांगतो की आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले आहे. तीस वर्षे दर रविवारी मी ती मागणी केली आणि बाब मिटली असे धरून चाललो. सेवानिवृत्तीनंतर मंडळीतील मुलांना हीच प्रार्थना ओळीओळीने समजावून देत असता माझ्या ध्यानात आले की, मी स्वतः ऋणको आहे, आणि धनकोला मी अद्याप तोंडही दाखविलेले नाही. त्याच सुमारास एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले की हसाजी मास्तरांचे मुलगे इस्राएल देशी स्थायिक झाले असून मास्तरही सपत्नीक कायमचे तिकडे जाणार आहेत. मी पत्र टाकून भेटीची परवानगी मागितली. उत्तरादाखल एक कार्ड आले. त्यावर तेच तिरपे अक्षर: “यावे. दारफळणीच्या आधी आलात तर बरे.”

दारफळणी म्हणजे या समाजाचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी कडक उपास असतो, आणि जुन्या रीतीप्रमाणे घराची दारे लावून घेतात, त्यावरून हे नाव. मुंबईच्या एका छापील दिनदर्शिकेत तो सोमवारी होता. म्हणून रविवारी प्रवास न करण्याचा घरचा नियम मी एकदा मोडला.

रेवस ते रेवदंडा

मुंबईस सकाळची उपासना आटोपून मी भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसलो. नगरच्या माणसाला समुद्राची दोन प्रकारे भीती वाटते: एक बुडण्याची, दुसरी चारचौघांत ओकण्याची. पहिली खोटी ठरली. दुसरीविषयी एवढेच लिहितो की शेजारच्या कोळीणबाईंनी आपली टोपली हलवून मला कठड्याशी जागा करून दिली आणि म्हणाल्या, “दर्याकडं तोंड करा मास्तर, माज्या बोंबलांकडं नको.”

त्या दिवशी दसरा होता. लाँचमधून रेवसला उतरलो, तेथल्या बसच्या पुढल्या काचेवर झेंडूची माळ होती आणि चालकाने चाकांना कुंकू लावले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भात पिकत आले होते. आमच्याकडे ऑक्टोबरात रान पिवळे पडू लागते. इकडे पिवळे असते ते भात, बाकी सारे हिरवेच राहते. अलिबागला बस बदलली, तिचे एक चाक चौलजवळ बसले, आणि मी रेवदंड्याच्या जुन्या तटाच्या आत पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच पाण्यात उतरला होता.

नारळी-पोफळींतून वाट काढीत मी घर शोधले. दार बंद होते, खिडक्याही. मी कडी वाजवून म्हणालो, “हसाजी मास्तर, मी यशवंत साळवे आलो आहे.”

आतून खोकल्याचा आवाज आला. शाळेतील दोन वर्गांमध्ये अर्धी भिंत होती. तो खोकला मी तीन वर्षे ऐकला होता. मी पुन्हा नाव सांगितले. या वेळी खोकलाही आला नाही.

मला जे वाटले ते सरळ लिहितो. मला वाटले, मला बोलावून दारातून परत लावावे अशीच त्यांची इच्छा असेल, आणि तसे करण्याचा त्यांना हक्क आहे.

शेजारच्या ओटीवरून एक गृहस्थ उतरून आले. हे गणू भंडारी, माडांवर चढण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या हातात आपट्याची पाने ठेवली.

“सोनं घ्या. आनी कडी नका वाजवू. उंद्या तारे दिसल्याबिगर त्ये दार उघडनार न्हाय.”

“पण त्यांचा सण उद्या आहे,” मी म्हणालो. “छापलेले आहे.”

“छापनाऱ्याला काय म्हाईत? त्यांचा दिस बुडत्या सूर्यापास्नं लागतो. मी ल्हान होतो तवापास्नं बघतोय. तुमी मास्तर ना?”

वाचकहो, बायबलातील उत्पत्तीचा पहिला अध्याय मी मुलांना किती वेळा शिकविला असेन याची मोजदाद नाही. तेथे प्रत्येक दिवस सांगताना संध्याकाळ आधी येते आणि सकाळ मागून. हा क्रम मी फळ्यावर लिहिला आहे, परीक्षेत विचारला आहे, आणि चुकणाऱ्यांचे गुण कापले आहेत. माडावर चढणाऱ्या माणसाला तो शेजारामुळे ठाऊक होता, आणि मी एका सूर्यास्ताने उशिरा पोहोचलो होतो.

गणूभाऊंनी मला ठेवून घेतले. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे यांचे जेवण झाले. त्यांनी समजावून सांगितले की समाजातले धडधाकट लोक पांढरे कपडे घालून प्रार्थनामंदिरात जातात. त्याला इकडे मशीद असेच म्हणतात. हसाजी मास्तरांचे गुडघे गेल्यापासून ते मात्र जुन्या रीतीने घरातच दिवस पाळतात. “म्हातारी पन पाळते,” ते म्हणाले. “ती लई कडक हाय. तिच्यापास्नं जपून ऱ्हावा.”

खाडीपलीकडे

सोमवारचा दिवस हाती रिकामा होता, म्हणून मी होडीने कोर्लईस गेलो. पलीकडे उतरताना पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला आणि परत आला तो बुटाशिवाय. होडीवाल्याने वल्ह्याने ढोसून पाहिले आणि म्हणाला, “गेला खाडीला.” दुसरा बूट हातात घेऊन मी गावात शिरलो.

कोर्लई हे कॅथलिक कोळ्यांचे आणि शेतकऱ्यांचे गाव. आपसात ते पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली एक निराळीच बोली बोलतात. ती माझ्या कानाला अजिबात लागली नाही. ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर पेद्रू नावाचे वृद्ध गृहस्थ जाळे विणीत बसले होते. मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्यांनी मला घरी नेऊन नारळाच्या रसातले पापलेट आणि भात वाढला. पिठल्यावर वाढलेल्या माणसाने या रसाविषयी बोलू नये. मी तीनदा भात घेतला, एवढे पुरे. जेवताना मी त्यांना विचारले की त्यांच्यात पापाची कबुली पाद्र्याजवळ देतात, ती कशी.

“सांगतो की,” पेद्रू म्हणाले. “तरना होतो तवा मी आंतोनच्या जाल्याची शिसं, जालं बुडवायची वजनं, चोरली. गेलो पाद्रीबाबाकडं. गुडघं टेकलं, सांगितलं. बाबा विचारतो, शिसं कुठं हायत? म्हटलं, माज्या जाल्याला. तर म्हनतो, मंग माझ्याकडं कशाला आलास? आधी त्याची त्याला दे, मंग ये.”

“दिलीत?”

“दिली. दोन कमी दिली. बाबानं विचारलं, मोजली का?” ते हसले. “तिसऱ्या खेपेला सुटलो.”

खाडीच्या काठाने परत येताना मी या गोष्टीचा विचार करीत होतो. आम्हां प्रॉटेस्टंट लोकांत मध्ये कोणी पाद्री बसत नाही. आम्ही थेट देवाशी बोलतो. ही रीत मला प्रिय आहे आणि ती मी बदलणार नाही. परंतु तीस वर्षांत मला ‘मोजली का?’ असे विचारणारे कोणी भेटले नाही, हेही खरे.

संध्याकाळी मी गणूभाऊंच्या ओटीवर बसून आकाश पाहत होतो. तिसरा तारा दिसला तशी समोरची कडी वाजली. पांढरे लुगडे नेसलेल्या, बारीक चणीच्या एक बाई दारात आल्या. या हसाजी मास्तरांच्या पत्नी, सारूबाई. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले.

“बूट कुठंयत?”

“एक खाडीत आहे.”

“बरं झालं. आज आम्हीपण अनवाणीच असतो. या आत. काल हाक ऐकली होती, पण दार लागल्यावर उघडायचं नसतं.”

आत हसाजी मास्तर खाटेवर बसले होते. केस पांढरे, खोकला तोच. आमच्यापुढे मनुकांचे सरबत आले, मग नारळाच्या दुधात शिजविलेला गव्हाच्या चिकाचा हलवा. त्यांच्यात दूधदुभते आणि मांस एकत्र खात नाहीत, यात दूधदुभते नसल्याने तो मांसाहाराबरोबरही चालतो, ही माहिती मास्तरांनी मला वर्गात सांगावी तशी दिली. मी बोलण्यास आरंभ करताच त्यांनी हात वर केला.

“उपास सोडणाऱ्या माणसाला काही सांगू नये. उद्या.”

“पण मी दारफळणीच्या आधी यायला हवे होते. तो दिवस टळला.”

“देवाकडची बाब त्या दिवशी मिटते. माणसाकडची त्या दिवशी मिटत नाही, ज्याची त्याला जाऊनच मिटवावी लागते. म्हणून आधी या असं लिहिलं होतं. नंतर आलात, तर नंतर.” मग ते किंचित हसले. “उत्पत्तीचा पहिला अध्याय विसरलात वाटतं.”

शिळा सण

दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणतात. त्या दिवशी लोक एकमेकांकडे जातात, दानधर्म करतात. सकाळी, कोणी येण्यापूर्वी, मी हसाजी मास्तरांपुढे बसलो आणि म्हणालो, “ते अक्षर माझे होते. मी नाही म्हणालो. तुमची नोकरी आणि तुमचे नाव माझ्यामुळे गेले. मला क्षमा करा.”

त्यांनी वेळ लावला नाही. “मी सोडलं,” ते म्हणाले. “आमच्या शास्त्रात दर सातवं वर्ष सरताना धनकोनं आपलं येणं सोडायचं असतं. या नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, दहा दिवसांपूर्वी सातवं वर्ष सरलं. तुम्ही नाही म्हणालात त्यानंतरचं हे पाचवं. शास्त्र पैशाबद्दल बोलतं, मी तुमचं नाव त्यात धरलं. पहिल्याच वेळी सोडलं होतं.”

हे ऐकून मला हायसे वाटावयास हवे होते. वाटले नाही. फेडण्याच्या आधीच फिटलेले ऋण हातात तसेच राहते. मी म्हणालो, “तरीसुद्धा. मला ते द्यायचे आहे.”

हसाजी मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

“हे तुम्हांला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही.”

“मग ऐका. सातव्या वर्षानंतर ऋणको पैसे घेऊन आला, तर धनकोनं म्हणायचं, मी सोडलं. त्यावर ऋणको म्हणाला, तरीसुद्धा, तर धनकोनं घ्यायचं. नाही म्हणायचं नाही. मुंबईहून हिब्रू शिकवायला आलेल्या मास्तरानं मला हे वाचून दाखवलं. वाटलं होतं, असं म्हणणारा माणूस पुस्तकातच असेल.” त्यांनी पेला पुन्हा उचलला. “घेतो. पण मला एकट्याला देऊ नका. गेलं ते एकट्याचं नव्हतं.”

दहाच्या सुमारास ओटी भरली. समाजाचे मुकादम आबाजी, म्हणजे प्रार्थनामंदिराची व्यवस्था पाहणारे वडीलधारे गृहस्थ, सर्वांत पुढे बसले. सारूबाई दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. मी उठून उभा राहिलो. वर्गात चाळीस मुलांपुढे बोलण्याची मला सवय आहे. त्या पंधरा माणसांपुढे माझा हात नकळत खडू शोधू लागला. हजेरीपटाची व्यवस्था, तपासनिसांचा प्रश्न आणि माझे उत्तर, असे क्रमाने मी सांगितले. शेवटी म्हणालो, “शनिवारी यांनी कधीही लिहिले नाही. एकदाही नाही.”

मग आबाजी मुकादम खाकरले.

“म्हणजे सहकारी होता.”

“होता,” हसाजी मास्तर म्हणाले. “हा बघा, बसवता येतो, उभा करता येतो.”

ओटीवर हसू पिकले. आबाजी मात्र हसले नाहीत. ते उठले, हसाजी मास्तरांचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि ती बोटे ओठांना लावली. या समाजात भेटीची ही रीत आहे. “मीही बोललो होतो,” ते हळूच म्हणाले. “मशिदीच्या पायरीवर बोललो होतो.”

मंडळी गेल्यावर मी सारूबाईंकडे वळून क्षमा मागितली.

“ह्यांनी सोडलं,” त्या म्हणाल्या. “मी सोडलं असं मी म्हटलेलं नाही. हे वाडीत जाऊन बसायचे. विहिरीवर बायकांचं ऐकायला मी जात होते.”

“मी पुन्हा मागेन.”

“आमच्यात तीनदा मागतात. मागा. आणि ताट वाढलंय, ते जेवा.”

शनिवार

माझा परतीचा बेत बुधवारचा होता. मी तो पुढे ढकलला. मधल्या दिवसांत रेवदंड्याची वाळू, पडक्या तटांत लावलेल्या पोफळीच्या बागा, रहाटाची कुरकुर आणि बाजारात खपणारी मासळी मी मन भरून पाहिली. त्यांच्या शास्त्राप्रमाणे अंगाला खवले असलेली मासळीच सारूबाई घेत. कोलंबीकडे त्या बघतही नसत. बाजारात मी एक नवी वहाणांची जोडी घेतली. गुरुवारी मी सारूबाईंजवळ दुसऱ्यांदा क्षमा मागितली. त्या नारळ खोवीत होत्या. “दोन झाले,” एवढेच म्हणाल्या.

शुक्रवारी गणूभाऊंनी झावळ्या आणून दिल्या आणि आम्ही अंगणात मांडव घातला. मिसर देशातून निघालेले पूर्वज रानात झोपड्यांत राहिले त्याची ही आठवण. गणूभाऊ झावळ्या बांधताना म्हणाले, “पुढच्या साली कोन घालनार हा?” सारूबाईंनी पुढची झावळी त्यांच्या हातात दिली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे त्या मांडवात बसलो होतो. तिसऱ्यांदा मागण्यासाठी मी शब्द जुळवीत होतो. इतक्यात पोस्टमन फाटकातून आला. त्याच्या हातात मुंबईचा जाड रजिस्टर लखोटा होता, मास्तरांच्या इस्राएलच्या बोटीच्या कागदांचा. अंगणात येताच तो अडखळला.

“आज शनवार, ध्यानातच न्हाय राहिलं. सोमवारी आनतो, मास्तर. नेहमीसारखं.”

हसाजी मास्तरांनी मान हलविली. पोस्टमन वळला.

“थांब रे,” सारूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “साळवे मास्तर बसलेत ना. त्यांच्याकडे दे. ते ह्यांचं शनिवारचं लिहितात.”

हसाजी मास्तर आपल्या पत्नीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला पोस्टमनच्या शाईच्या पेनाकडे हाताने खूण केली.

मी पावती गुडघ्यावर घेतली. त्यांचे तिरपे अक्षर माझ्या हाताला अजून येत होते. मी ते काढले नाही. माझ्या सरळ, शाळेतल्या अक्षरात मी लिहिले: ह. नवगावकर. त्याखाली लिहिले: हस्ते, यशवंत साळवे.

पोस्टमनने वाकून पाहिले. “नुसती सही चालली असती की. हे खालचं कशाला?”

“असू दे ते,” सारूबाई म्हणाल्या, आणि त्याने कागद ओढण्याआधी त्यावर हात आडवा धरला. “वाळू दे जरा. पुसून जाईल नाहीतर.”